सात मिनिटं

मे महिन्यात ओउलूच्या बंदरातला बर्फ नुकता सुटतो,
तेव्हा आम्ही व्यायामशाळेत टेबलं मांडतो.
मी आणि पिर्क्को. दोघी निवृत्त,
दोघींचे गुडघे कुरकुरणारे.
बास्केटबॉलच्या रेघांवर टेप अंथरून
दोन टेबलांमध्ये दीड मीटर.
पाण्याच्या बाटल्यांची लेबलं सोलायची,
कॅल्क्युलेटरची स्मृती पुसायची,
चेहऱ्यावरचं काहीबाही घरीच ठेवून यायचं.
पर्यवेक्षकाने हसू नये. कुणाच्या कागदापाशी रेंगाळू नये.
बूट वाजतात, म्हणून मी लोकरी मोज्यांवर फिरते.
एकोणतीस वर्षं बोटीवर तिकिटं तपासली,
माणसाकडे न बघता त्याला बघणं मला जमतं.

बारा नंबरला साइमी लेप्पालुओतो.
हिच्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत आधीच कुजबुज:
दोन वर्षं पहाटे साडेचारला उठते,
चार हजार शब्दांचा निबंध अकरा वेळा मोडून लिहिला,
शेवाळावर, की शेवाळातल्या पाण्यावर,
मला नीट कळलं नाही.
सहा विषय, प्रत्येकात सातापैकी सात,
वरचे तीन धरून पंचेचाळीस.
तिथे छत आहे. शेहेचाळीस कुणालाच मिळत नाहीत.

रसायनाचा दुसरा पेपर. दहा चाळीस.
तिचं पेन थांबलं.
मी घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.
तीन मिनिटं. पाच.
हात टेबलावर पडलेला,
जाळ्यातून काढून ठेवलेल्या माशासारखा ओला.
खिडकीच्या कठड्यावर एक कुरव येऊन बसला होता,
मला वाटलं, ती त्याच्याकडेच बघते आहे.
माझ्या जिभेवर एक शब्द आला.
कुठला, ते सांगत नाही. गिळला.
सातव्या मिनिटाला तिच्या खांद्यांना काहीतरी झालं
आणि पेन चालू लागलं,
वेळ संपेपर्यंत मान वर नाही.

तिच्या मागे, तेरावर, एलिस.
त्याचंही पेन थांबलं होतं.
त्याचं थांबलेलंच राहिलं.

जुलैत निकाल. वर्तमानपत्रात तिचा फोटो,
वाऱ्याने केस तोंडावर, शेजारची आई अर्धी कापलेली.
"पंचेचाळीस!" पिर्क्को फोनवर ओरडली,
टेबलं मांडल्याचे थोडे गुण आमच्याही खात्यावर असल्यासारखी.

गुरुवारी बाजारचौकात गेले, तर मटाराच्या गाड्यावर तीच.
सुट्टीतलं काम. शेंगा लिटरच्या मापाने,
नखं हिरवी.
"एक लिटर," मी म्हणाले.
तिने माप भरलं, वर एक ओंजळ टाकली,
आणि शेंगांकडेच बघत म्हणाली,
"तुमच्या डाव्या मोज्याला भोक होतं."

मी पैसे शोधत राहिले.

"अंगठा बाहेर आलेला. हलत होता.
माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलेलं,
त्या कॅल्क्युलेटरसारखं,
आणि तुमचा अंगठा आपला एकटाच गारठ्यात उभा.
हसू आलं. ते दाबताना समतोलाचं समीकरण
मागच्या दाराने आत आलं."

"आता किती वाजता उठतेस?"
"साडेचार. जाग येते. छताकडे बघत पडते.
हे थांबवायचं कसं, ते कुठल्याच विषयात नव्हतं."
मागे रांग होती. कुणीतरी स्ट्रॉबेरीचा भाव विचारला.

मी नदीपर्यंत चालत गेले,
बाकावर बसून निम्म्या शेंगा सोलून खाल्ल्या.
नियमांच्या पुस्तिकेत मोज्यांबद्दल काही नाही.
मदत करू नये, एवढंच आहे.
अंगठा मदतीत धरतात का,
हे पिर्क्कोला विचारलेलं नाही.

नोव्हेंबरात एलिस पुन्हा बसणार आहे.
तेव्हा तीनलाच दिवे लावावे लागतात,
खिडकीत कुरवही नसतो.
तो मोजा मी अजून रफू केला नाही.
एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागत नाही,
एवढं बोटीवरही शिकले होते.
तरी फाटका जोड आणि धड जोड,
दोन्ही धुऊन दोरीवर टाकलेत.